ट्रायथलॉन : हौस जरूर करा, घाई करू नका

गेल्या काही वर्षांत लहान शहरांतील रस्त्यांवरही पहाटे एक नवे दृश्य दिसू लागले आहे. डोक्याला हेल्मेट बांधून, पातळ चाकांच्या सायकलींवर मंडळी निघालेली असतात. त्यात विशीतली पोरे थोडी, चाळिशी-पंचेचाळिशीतली माणसेच जास्त. कुणी वकील, कुणी कापडाचा व्यापारी, कुणी बँकेत, कुणी शाळेत शिक्षिका. चौकशी केली तर ‘ट्रायथलॉनची तयारी चालली आहे’ असे उत्तर मिळते. घरच्यांना मात्र कौतुकाबरोबर काळजीही वाटत असते. या वयात हे झेपेल का? हृदयावर ताण येणार नाही ना? गुडघे शाबूत राहतील ना?

थोडक्यात उत्तर असे, की बहुतेक निरोगी माणसांना ही स्पर्धा झेपते. परंतु तयारीला पुरेसा वेळ दिला तरच. या खेळात वय जेवढे नडत नाही, तेवढी घाई नडते. ती कुठे नडते, का नडते आणि ती टाळून ही हौस कशी पुरी करावी, याची माहिती आज घेऊ.

ट्रायथलॉन म्हणजे काय?

पोहणे, सायकल चालविणे आणि धावणे हे तीन प्रकार एकाच दिवशी, एकापाठोपाठ एक, मध्ये न थांबता पुरे करणे म्हणजे ट्रायथलॉन. पाण्यातून बाहेर आल्यावर बूट चढवून सायकल घ्यायची आणि सायकल जागेवर लावून धावायला लागायचे. या बदलाबदलीत गेलेला वेळही एकूण वेळेत धरला जातो.

या नावाची आधुनिक काळातील पहिली स्पर्धा २५ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेतील सॅन दिएगो शहरात, मिशन बे येथे झाली. त्या वेळी पोहणे शेवटी ठेवले होते. अंधार पडला तरी काही जण पाण्यातच होते, त्यामुळे मोटारींचे दिवे लावून त्यांना वाट दाखवावी लागली. आता क्रम पोहणे, सायकल, धावणे असा ठरून गेला आहे आणि त्यामागे साधा विचार आहे. दमलेला धावपटू फार तर चालू लागतो, दमलेला सायकलस्वार पडू शकतो, दमलेला पोहणारा मात्र बुडू शकतो. म्हणून पाणी आधी.

‘आयर्नमॅन’ या प्रसिद्ध स्पर्धेचा उगम हवाई बेटांतला. पोहणारे अधिक तंदुरुस्त की धावणारे, या गप्पांतून अमेरिकन नौदलातील अधिकारी जॉन कॉलिन्स आणि त्यांच्या पत्नी ज्युडी यांनी तेथील तीन निरनिराळ्या स्पर्धांची अंतरे एकत्र जोडली. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी १५ जण पाण्यात उतरले, १२ जणांनी स्पर्धा पुरी केली आणि गॉर्डन हॅलर हा ११ तास ४६ मिनिटे ५८ सेकंदांत पहिला आला. २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये ट्रायथलॉनचा प्रथम समावेश झाला. आपल्या शेजारी गोव्यात, मिरामारच्या किनाऱ्यावर, अर्ध्या अंतराची आयर्नमॅन स्पर्धा २०१९ साली प्रथम भरली आणि महाराष्ट्रातील हौशी मंडळींना ही वाट जवळची झाली.

चार पायऱ्या

ट्रायथलॉन म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर एकदम आयर्नमॅनच येतो. प्रत्यक्षात या खेळाच्या चार पायऱ्या आहेत.

पहिली पायरी ‘स्प्रिंट’ : ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणे.

दुसरी ‘ऑलिंपिक’ : दीड किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल, १० किलोमीटर धावणे.

तिसरी अर्धी आयर्नमॅन : १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर धावणे.

चौथी पूर्ण आयर्नमॅन : ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर, म्हणजे पूर्ण मॅरेथॉन. ही साधारणतः १७ तासांच्या आत पुरी करावी लागते.

आता थोडा हिशेब करू. साधारण तयारीच्या माणसाला १०० मीटर पोहायला अडीच मिनिटे लागतात असे धरा. ७५० मीटरला सुमारे १९ मिनिटे झाली. ताशी २४ किलोमीटर वेगाने २० किलोमीटर सायकलला ५० मिनिटे. एका किलोमीटरला साडेसात मिनिटे या सावकाश गतीने ५ किलोमीटर धावायला ३७-३८ मिनिटे. बदलाबदली धरून सगळे दोन तासांच्या आत आटोपते. रोज तासभर झपझप चालणाऱ्या माणसाच्या आवाक्याबाहेरचे यात काही नाही. अट एकच, पोहता आले पाहिजे. पहिल्याच वर्षी तिसऱ्या किंवा चौथ्या पायरीवर उडी मारण्याचा मोह टाळावा. जिना एकेक पायरीनेच चढायचा असतो.

दोन उदाहरणे

अभिनेते मिलिंद सोमण यांनी २०१५ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना, झुरिचची पूर्ण आयर्नमॅन स्पर्धा १५ तास १९ मिनिटांत पुरी केली. ‘पन्नाशीत जमले, मग मला का नाही?’ असे त्यानंतर पुष्कळांना वाटले. वाटण्यात गैर काही नाही. मात्र सोमण हे तरुणपणी राष्ट्रीय पातळीवरचे जलतरणपटू होते आणि त्या स्पर्धेपूर्वी कित्येक वर्षे ते लांब अंतरे धावत होते, हा भाग लोक विसरतात. त्या १५ तासांच्या मागे अनेक वर्षांचा पाया होता.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील जोगीण सिस्टर मॅडोना बडर यांचे. या बाई वयाच्या ४८ व्या वर्षी धावू लागल्या, ५२ व्या वर्षी पहिली ट्रायथलॉन केली आणि ५५ व्या वर्षी पहिली आयर्नमॅन. २०१२ साली कॅनडामध्ये वयाच्या ८२ व्या वर्षीही त्यांनी पूर्ण आयर्नमॅन पुरी केली. धावायला लागल्यापासून पहिल्या आयर्नमॅनपर्यंत त्यांनी सात वर्षे घेतली, हे ध्यानात घ्यावे. वय आड आले नाही, कारण घाई केली नाही.

घाई का नडते?

व्यायामाने शरीर बदलते, पण त्याचे सगळे भाग एका वेगाने बदलत नाहीत. नियमित व्यायाम सुरू केला की काही आठवड्यांतच रक्ताचे आकारमान वाढते, हृदय एका ठोक्याला जास्त रक्त फेकू लागते, दम कमी लागतो. स्नायूंना बळकट व्हायला दोन-तीन महिने लागतात. स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या, म्हणजे स्नायुबंध, आणि खुद्द हाडे यांना मात्र कित्येक महिने हवे असतात.

घोटाळा इथेच होतो. दीड-दोन महिन्यांत माणसाला वाटू लागते, ‘आता दम लागत नाही, अंतर वाढवायला हरकत नाही.’ छाती तयार झालेली असते, पण टाच, नडगी आणि गुडघा मागेच असतात. मग टाचेमागची शीर दुखू लागते, सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की तळव्यात कळ येते, नडगीच्या हाडाला बारीक चीर जाते. अशी चीर सुरुवातीला साध्या क्ष-किरण तपासणीत दिसतेच असे नाही. हाडावर बोटाने दाबल्यावर एकाच ठिकाणी नेमके दुखत असेल आणि धावताना दुखणे वाढत असेल, तर धावणे ताबडतोब थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

म्हणून जुना नियम असा, की आठवड्याचे धावण्याचे अंतर मागच्या आठवड्यापेक्षा सुमारे दहा टक्क्यांहून अधिक वाढवू नये आणि दर चौथ्या आठवड्याला व्यायाम कमी करून शरीराला उसंत द्यावी. हा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे, पण नवख्याला तो सांभाळून घेतो.

हृदयाची गोष्ट

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. अमेरिकेत १९८५ ते २०१६ या काळात ट्रायथलॉनच्या वेळी झालेल्या अचानक मृत्यूंचा आणि हृदय बंद पडण्याच्या घटनांचा अभ्यास झाला. तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. अशा १३५ घटना सापडल्या. त्यांपैकी ९० पोहताना घडल्या होत्या, म्हणजे तीनात दोन. धावताना १५, सायकलवर हृदयाच्या कारणाने ७, सायकल अपघाताने १५ आणि स्पर्धा संपल्यावर ८. या लोकांचे सरासरी वय ४७ च्या आसपास होते आणि शंभरात ८५ पुरुष होते.

घाबरून जाण्याचे कारण नाही. भाग घेणाऱ्या एक लाख लोकांमागे असे प्रसंग दोनाहूनही कमी होते. परंतु साठीपुढच्या पुरुषांत हेच प्रमाण लाखामागे १८ च्या वर होते. ज्या ६१ जणांचे शवविच्छेदन अहवाल मिळाले, त्यांपैकी २७ जणांच्या हृदयात किंवा रक्तवाहिन्यांत दोष आढळला. आधीच तपासणी झाली असती, तर यांतले काही दोष कदाचित लक्षात आले असते.

पाण्यातच असे का व्हावे? सुरुवातीची शिट्टी वाजते तेव्हा मन धास्तावलेले असते, नाडी आधीच वाढलेली असते. त्यात पाण्यात आडवे झाल्यावर आणि पाण्याच्या दाबामुळे हातापायांतील रक्त छातीकडे ढकलले जाते. हृदयावर एकदम जास्त भार येतो. चेहऱ्याला गार पाणी लागले की एक चेतातंतू हृदयाला ‘हळू चाल’ म्हणतो आणि भीती त्याला ‘जोरात चाल’ म्हणते. या ओढाताणीत ठोके बिघडत असावेत, असे तज्ज्ञांना वाटते. शिवाय रस्त्यावर चक्कर आली तर माणूस बसतो आणि चार जण धावून येतात. पाण्यात तो बिनआवाज खाली जातो.

आपल्या देशातील लोकांना हृदयविकार पाश्चात्त्यांपेक्षा सुमारे दहा वर्षे आधी गाठतो. त्यामुळे ही आकडेवारी परक्या देशाची म्हणून सोडून देता येत नाही.

आधी तपासणी

पस्तिशी ओलांडलेल्या कुणीही तयारीला लागण्यापूर्वी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. रक्तदाब, रक्तातील साखर, कोलेस्टेरॉल, हिमोग्लोबिन आणि कार्डिओग्राम एवढे तरी व्हावे. मधुमेह, रक्तदाब, तंबाखू-सिगारेटची सवय किंवा वाढलेले पोट यांपैकी काही असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने स्ट्रेस टेस्ट आणि हृदयाची सोनोग्राफी करावी.

पुढील गोष्टी डॉक्टरांपासून लपवू नयेत : श्रम करताना छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणे, चालता-धावताना चक्कर येऊन पडणे, छातीत विनाकारण धडधड, आणि घराण्यात कुणाचा पन्नाशीच्या आत अचानक मृत्यू. स्पर्धेच्या आयोजकांना लागते म्हणून ओळखीच्या डॉक्टरांकडून न तपासताच दाखला आणणारे काही असतात. त्यांनी आयोजकांना नव्हे, स्वतःला फसविलेले असते.

हेही सांगितले पाहिजे, की कार्डिओग्राम चांगला आला म्हणजे आयुष्यभराची हमी मिळाली असे नव्हे. तपासणीनंतरही शरीराच्या तक्रारीकडे कान द्यायचाच असतो.

मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा साखर झपाट्याने उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी लांब व्यायामाच्या दिवशी औषध किती घ्यावे, हे आधीच डॉक्टरांना विचारून ठेवावे. सोबत साखर किंवा ग्लुकोज बाळगावे.

आठवडा कसा आखावा?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम करावा. पहिल्या पायरीच्या ट्रायथलॉनची तयारी याच्या थोडी वर, म्हणजे आठवड्याला पाच-सहा तासांत होते. अर्धा तास न थांबता झपझप चालणे आणि सावकाश पोहणे जमत असेल, त्याने चार महिने हाताशी धरावेत. पोहणे मुळापासून शिकायचे असेल त्याने वर्ष धरावे.

आठवडा साधारण असा : सोमवारी विश्रांती. मंगळवारी आणि शुक्रवारी पोहणे, प्रत्येकी ४५ मिनिटे. बुधवारी अर्धा ते पाऊण तास हळू धावणे, दमल्यास मध्ये चालणे. गुरुवारी तासभर सायकल. शनिवारी अर्धा तास धावणे आणि त्यानंतर बैठका, जोर, पाठीचे व पोटाचे व्यायाम २० मिनिटे. जोर-बैठका ही आपली तालमीची देणगी आहे. तिने खांदे आणि मांड्या बळकट होतात आणि दुखापती कमी होतात. रविवारी दीड तास सायकल आणि उतरल्या उतरल्या दहा मिनिटे धावणे.

हे रविवारचे धावणे चुकवू नये. सायकलवरून उतरून धावू लागल्यावर पाय लाकडासारखे वाटतात. इतका वेळ बसून फिरणाऱ्या पायांना एकदम अंगाचा भार पेलायचा असतो. सवयीने हा जडपणा काही मिनिटांत जातो, पण ही सवय स्पर्धेआधीच लागली पाहिजे.

वेग किती ठेवावा? सोपी कसोटी अशी, की धावताना शेजाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. वाक्य तुटत असेल तर वेग कमी करावा. आठवड्यातील पाचपैकी चार भाग व्यायाम या गतीनेच करावा. नवख्यांची नेहमीची चूक ही, की ती रोजच थोडी जास्त जोरात धावतात. त्यामुळे विश्रांतीही मिळत नाही आणि प्रगतीही होत नाही.

सकाळी अंथरुणातच नाडी मोजण्याची सवय ठेवावी. ती नेहमीपेक्षा सात-आठ ठोक्यांनी जास्त असेल, झोप नीट लागत नसेल, चिडचिड वाढली असेल, तर शरीर विश्रांती मागत आहे असे समजावे. ताप असताना तर व्यायाम बिलकुल करू नये. काही विषाणूंमुळे हृदयाच्या स्नायूला सूज येते आणि अशा वेळी श्रम केल्यास ठोके बिघडून जिवावर बेतू शकते.

पाण्यात उतरताना

विहिरीत, पाठीला वाळका भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकलेली एक पिढी आपल्याकडे आहे. त्यांची पाण्याची भीती मोडलेली असते, ही मोठी जमेची बाजू. पण विहिरीत दहा मिनिटे डुंबणे आणि तलावात पाऊण किलोमीटर एका लयीत जाणे यांत फरक आहे. नव्याने शिकणाऱ्याने तलावात जाण्यापूर्वी जलतरण तलावात, प्रशिक्षकाच्या नजरेखाली, हे अंतर न थांबता दोन-तीनदा पुरे करावे.

जलतरण तलावात तळाशी रेघ दिसते, भिंत हाताशी असते. उघड्या पाण्यात यातले काही नसते. गढूळ पाण्यात स्वतःचा हातही दिसत नाही आणि बाजूने दुसऱ्यांचे हातपाय लागतात. चांगल्या पोहणाऱ्याचाही तेथे श्वास कोंडतो. अशा वेळी उताणे व्हावे, हातपाय सैल सोडावेत, दहा-पंधरा सावकाश श्वास घ्यावेत आणि मगच पुढे जावे. तरीही बरे न वाटल्यास हात वर करून होडीवरच्या माणसाला बोलवावे. होडीला धरून विश्रांती घेणे सहसा नियमात बसते. मात्र होडीच्या जोराने पुढे सरकायचे नाही. स्पर्धेआधी पाच-दहा मिनिटे पाण्यात हातपाय हलवून घ्यावेत आणि नवख्याने घोळक्याच्या मागे किंवा कडेला राहावे.

नदी-तलावात सरावाला एकट्याने कधीही जाऊ नये. रंगीत तरंगता फुगा कमरेला बांधावा, काठावर जाणता माणूस असावा. पावसाळ्यात आणि पूर ओसरताना गढूळ पाण्यात उतरू नये. अंगावर जखम असेल तर लेप्टोचा धोका असतो. पोहताना अचानक खोकला सुटणे, छातीत घरघर, थुंकीतून गुलाबी फेस येणे ही फुप्फुसांत पाणी साचल्याची लक्षणे आहेत. ताबडतोब बाहेर पडून दवाखाना गाठावा.

सायकल आणि रस्ता

पहिल्या स्पर्धेसाठी महागडी सायकल लागत नाही. गिअरची साधी, नीट देखभाल केलेली सायकल पुरते. बैठकीची उंची मात्र बरोबर हवी. पायटा सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली, तर गुडघा जेमतेम सरळ व्हावा. बैठक खाली असेल तर गुडघ्याची वाटी दुखते, फार वर असेल तर गुडघ्यामागे आणि कमरेत दुखते. हाताची बोटे बधिर होत असतील तर हँडलवरचा भार कमी करावा. हेल्मेट स्पर्धेत सक्तीचे असतेच, सरावातही ते असावे. पहाटे मागे लाल दिवा आणि अंगात चमकणारे जाकीट घालावे. अरुंद राज्य मार्गांवर दोघांनी शेजारी शेजारी गप्पा मारत जाऊ नये.

खाणे आणि पाणी

स्नायू आणि यकृत यांत मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम साखरेचा साठा असतो. जोराच्या व्यायामात तो दीड-दोन तास पुरतो. त्यामुळे स्प्रिंट स्पर्धेला वाटेत फारसे खावे लागत नाही. त्याहून लांब अंतराला तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात गेली पाहिजेत. एका मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम असतात. केळी, खजूर, राजगिऱ्याचा लाडू हे आपले पदार्थ उत्तम काम करतात. आदल्या रात्री नेहमीचा वरणभात, सकाळी दोन-तीन तास आधी पोहे किंवा उपमा, तेल बेताचे. नवा पदार्थ स्पर्धेच्या दिवशी प्रथमच खाऊन पाहू नये. एरवी डाळी, कडधान्ये, दूध, अंडी यांतून प्रथिने मिळावीत. शाकाहारी मंडळींनी लोह आणि बी-१२ तपासून घ्यावे.

पाण्याबाबत दोन्ही टोके वाईट. कमी पाण्याने त्रास होतो हे सर्वांना माहीत असते. जास्त पाण्यानेही होतो, हे कमी जणांना. अति पाण्याने रक्तातील मीठ पातळ होते, डोके दुखते, उलट्या होतात, भ्रम होतो, झटके येतात. २००२ सालच्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्के जणांच्या रक्तात सोडियम कमी झालेले आढळले. तहान लागेल तसे प्यावे, हा सोपा नियम. तासभर व्यायामाच्या आधी आणि नंतर वजन करून पाहावे. एक किलो घटले तर सुमारे एक लिटर घाम गेला. वजन वाढले असेल तर पाणी नक्कीच जास्त झाले. घरी करायचे पेय : एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर, अर्धा छोटा चमचा मीठ आणि लिंबू. रक्तदाबाच्या रुग्णांनी मिठाबद्दल डॉक्टरांना विचारावे.

कोकण-गोव्याच्या दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून अंग गार होत नाही. देशावरच्या माणसाला या हवेची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. तेवढे आधी जाणे शक्य नसेल तर वेगाची अपेक्षा कमी ठेवावी. धावताना कुणी बरळू लागला, झोकांड्या देऊ लागला, अंग तापले, तर तो उष्माघात समजावा. आधी सावलीत नेऊन गार पाण्याने, बर्फाने अंग थंड करावे आणि त्याच वेळी १०८ ला फोन लावावा.

वेदनाशामक गोळी घेऊन धावण्याची वाईट पद्धत पडली आहे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या, उन्हात पाणी कमी झालेल्या शरीरात, मूत्रपिंडाला इजा करू शकतात. शिवाय दुखणे झाकले जाते आणि दुखापत वाढते.

स्त्रियांसाठी

तीसच्या पुढे बाळंतपणातून मोकळ्या झालेल्या अनेक भगिनी या खेळाकडे वळत आहेत, ही आनंदाची बाब. त्यांनी हिमोग्लोबिनकडे विशेष लक्ष द्यावे. व्यायाम वाढल्यावर पाळी अनियमित झाली किंवा थांबली, तर ‘व्यायामाने होते असे’ म्हणून सोडू नये. शरीराला खर्चाच्या मानाने अन्न कमी पडत असल्याची ती खूण असते आणि त्याने हाडे ठिसूळ होतात. घरच्या सर्वांना वाढून उरेल ते खायचे, ही रीत या व्यायामाबरोबर चालणार नाही. आणि पहाटे आई पोहायला गेली, तर चहा आणि डबा घरातल्या इतरांनी करायला हरकत नसावी.

लक्षात ठेवा

तपासणी आधी, नोंदणी नंतर. पहिल्या वर्षी स्प्रिंट, जमल्यास दुसऱ्या वर्षी ऑलिंपिक. दम वाढला तरी अंतर हळूच वाढवावे. उघड्या पाण्यात एकटे जाऊ नये. ताप, छातीत दुखणे, चक्कर यांपैकी काहीही असेल तर त्या दिवशी थांबावे. भरलेल्या प्रवेश शुल्काकडे पाहू नये. गटात सराव करणाऱ्या सर्वांनी छातीवर दाब देण्याची पद्धत शिकून घ्यावी. माणूस निश्चेष्ट असेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे पाच सेंटिमीटर खोल दाब द्यावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नये.

स्पर्धेत मिळणारे पदक खुंटीला लागते आणि त्यावर धूळ बसते. परंतु त्यासाठी वर्षभर पहाटे उठणे, रक्तदाब आणि साखर ताब्यात येणे, कमरेचा पट्टा दोन भोके आत जाणे, रात्री गाढ झोप लागणे हा खरा नफा आहे. तो पहिल्या आलेल्याला मिळतो, तसाच शेवटच्या आलेल्यालाही मिळतो. फक्त एक वर्ष उशीर झाला तरी चालेल, एवढी सबुरी अंगी हवी.